सही कोणाची, जीव कोणाचा?

गरोदर बाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं की घरातला पहिला प्रश्न असतो, 'काय उचललंस?' दुसरा, 'तो घरी कधी येणार?' आणि दवाखान्यात पोचल्यावर तिसरा, 'नवरा कुठे आहे? सही कोण करणार?' रक्त मात्र यातल्या एकाही उत्तरासाठी थांबत नाही.

समाजकार्य करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि दरवेळी त्याला 'काळजी' म्हटलेलं ऐकलं. ही काळजी नव्हे, बाईच्या शरीरावरचा ताबा आहे.

आधी दोषारोपाचं बघू. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. हंडा उचलल्याचा ठपका बाईवर कशाला? पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला रक्त दिसतं आणि त्यातल्या अनेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. पण सगळं ठीक आहे की नाही, हे तपासल्याशिवाय सासूबाईंना कळत नाही, नवऱ्याला नाही आणि आपल्यालाही नाही. म्हणून नुसता डाग दिसला तरी त्याच दिवशी तपासणी.

तासाभरात घडी भिजत असेल, गाठी पडत असतील, ओटीपोटात एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल, घेरी येत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. शेवटच्या महिन्यांत न दुखता रक्त गेलं तर वार खाली असू शकते. पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखलं तर वार सुटलेली असू शकते. 'दुखत नाही ना, मग उद्या बघू' हे वाक्य अशा वेळी जीव घेतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यासाठीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं.

आता सहीचं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की सज्ञान, निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्ण बाईऐवजी तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. मग नवऱ्याची कशी चालेल? १९७१ च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. आणि तातडीच्या वेळी जीव वाचवणं हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे याच न्यायालयाने १९८९ सालीच बजावलं आहे. तरीही रक्तात भिजलेली बाई बाकावर बसवून नवऱ्याची वाट पाहिली जाते. ही रीत कोणत्या कायद्यातली?

मैत्रिणींनो, पोस्टरवर 'गरोदर मातेची काळजी घ्या' असं लिहिणं सोपं आहे. आपल्या गटांनी जवळच्या आरोग्य केंद्रात, खाजगी दवाखान्यात जाऊन विचारावं : बाईची स्वतःची सही तुम्ही मानता का? उत्तर लेखी मागावं. आणि प्रत्येक गरोदर मैत्रिणीला आजच सांगून ठेवावं की रक्त दिसलं तर परवानगी मागायची नाही, निघायचं. सोबत आम्ही येऊ.