पेटीवरचा निकाल आणि पेटीवादनावरचा अभिप्राय

धागा. संवादिनीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेटीच्या, एकल वादनाची चित्रफीत समाजमाध्यमांवर आली की तिच्याखाली दोन वाक्ये हमखास उमटतात. एक, 'हे वाद्यच परके, यात श्रुती कुठल्या?' आणि दुसरे, 'म्हणूनच तर केसकरांनी आकाशवाणीवर पेटीला बंदी घातली होती.' यांतले दुसरे विधान इतिहास म्हणून चूक आहे. पहिल्यात तथ्य आहे, पण ते भलत्या ठिकाणी वापरलेले आहे. ज्या वादकाने अर्धा-पाऊण तास बसून राग मांडला त्याच्या मांडणीविषयी मात्र या दोन्ही वाक्यांत एक अक्षरही नसते.

आधी तारखा. ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती १ मार्च १९४० रोजी. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले १९५२ साली आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. चित्रपटगीतांना रेडिओवरून हद्दपार करण्याचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांचे. पेटीची बंदी त्यांना वारशाने मिळाली होती. ती त्यांनी उठवली नाही, एवढाच त्यांचा वाटा.

मग बंदीमागे कोण होते? जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतरचनाकार १९३५ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. त्याने १९३८ साली रेडिओच्या 'इंडियन लिसनर' या नियतकालिकात हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. शीर्षकातच कोटी होती: 'हार्मोनियम' शब्दातला 'हार्म' त्याने वेगळा तोडून दाखवला, इंग्रजीत त्याचा अर्थ अपाय. फोल्ड्स १९३९ साली कलकत्त्यात पटकीने वारला, पण त्याचा युक्तिवाद नभोवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत अमलात आला. हा केवळ साहेबाचा लहरीपणा होता असे म्हणणेही बरोबर नाही. आनंद कुमारस्वामींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या वाद्यावर टीका केली होती, फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१४ च्या ग्रंथात केली होती, आणि खुद्द रवींद्रनाथांचा कौल बंदीच्याच बाजूने होता. इंग्रज अधिकारी आणि स्वदेशीचे अभिमानी एका मुद्द्यावर इतके एकमत झाल्याचे प्रसंग त्या काळात फार नाहीत.

या कथेतला एक धागा अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यातून जातो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पकडून या किल्ल्यात आणले गेले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई पटेल होते, मौलाना आझाद होते. आझादांनी येथेच लिहिलेल्या आणि पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झालेल्या उर्दू पत्रांत संगीतावरचे एक दीर्घ पत्र आहे. तरुणपणी आपण सतार कशी शिकलो, आग्र्याला ताजमहालाच्या आवारात चांदण्या रात्री ती कशी वाजवली, हे त्यात येते. म्हणजे किल्ल्यातल्या बंदिवानांत किमान एक जण असा होता की ज्याची बोटे तारेवर फिरलेली होती. पुढे हेच लोक सत्तेवर आले. नेहरू पंतप्रधान, आझाद शिक्षणमंत्री, आणि पटेलांकडे सुरुवातीला खुद्द माहिती व नभोवाणी खाते. परकीय राजवटीने दिलेले कितीतरी निकाल या मंडळींनी फिरवले. हा निकाल फिरवावासा वाटला नाही. स्वातंत्र्यानंतर तेवीस वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला. केसकरांच्या एकट्याच्या माथी खापर फोडणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता श्रुतींचा मुद्दा. तो खोटा नाही. पियानोप्रमाणे समान अंतरांवर बांधलेल्या पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्यातून कानावर येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटांवर. चौदा सेंटांचा हा फरक, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग, जाणकार कानाला खुपतोच. कारागीर सूर घासून पेटी एखाद्या षड्जाला नीट लावू शकतो, पण गायक काळी एकवरून पांढरी चारवर गेला की ते लावणे बिघडते. मींड तर पेटीवर निघतच नाही. शिवाय पेटी आली की सारंगियाची बैठकीतली जागा जाते, ही भीतीही निराधार नव्हती. रेडिओवरच्या बंदीमुळे अनेक सारंगीवादकांचा रोजगार टिकला, हे बंदीच्या टीकाकारांनी मान्य करायलाच हवे.

परंतु ही वाद्याची मर्यादा झाली. मींड पियानोवरही निघत नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो परीक्षा मुंबईत आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जातात. तिथला परीक्षक विद्यार्थ्याच्या प्रत्येक रचनेपुढे लेखी शेरा देतो: डावा हात उजव्याला झाकून टाकतो, पेडल उशिरा सुटते, मधल्या भागात लय पळते. 'पियानोवर मींड नाही' असा शेरा लिहिणाऱ्या परीक्षकाला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावणार नाही. पेटीवादकाच्या वाट्याला मात्र नेमका हाच शेरा येतो, आणि तो देणारा स्वतःला रसिक समजतो.

महाराष्ट्रात याहून बरी रीत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत जाणकारांपुढे ठेवली. भातखंड्यांसह अनेकांनी तिची श्रुतिमांडणी अमान्य केली. वाद कडू झाला, परंतु झाला तो वाद्य समोर ठेवून. निकाल आवडो न आवडो, तो मिळवण्यासाठी लोक एका दालनात बसले होते.

नगरचे उदाहरण त्याहून जुने आहे, आणि या वादात ते कोणी घेत नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत उपासनागीते रचली ती पाश्चात्त्य छंदांत, पाश्चात्त्य चालींवर. हेतू शुद्ध होता, भाषाही बऱ्यापैकी आत्मसात केलेली होती. पण इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घाच्या मोजणीवर. चालीचा जोर शब्दातल्या भलत्याच अक्षरावर पडला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. यावर नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी जो अभिप्राय दिला तो ठराव करून किंवा पत्रक काढून दिलेला नव्हता. कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्तकथा कीर्तनाच्या रूपात उभी केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी हे सारे परिचित साहित्य त्यांनी घेतले, आणि जे लोक प्रार्थनामंदिराच्या पायरीशी थबकत तेही ऐकायला बसले. पुढे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला आले आणि त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीते रचली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात टिळकांचा वाटा मोठा आहे. त्याच संग्रहात जुन्या पाश्चात्त्य चालींची गीतेही राहिली. आणि पेटी? तिला कोणी बाहेर काढले नाही. चूक चालीच्या आणि शब्दाच्या सांध्यात होती. ती तिथे शोधली गेली आणि तिथेच दुरुस्त झाली.

या बाबतीत मिशनऱ्यांचेही एक देणे मानले पाहिजे. ज्यांनी आयुष्य घालून गीते रचली त्यांनी आपल्याच मंडळीतले लोक वेगळ्या वाटेने जाताना पाहिले, आणि ती वाट अडवली नाही. धर्मप्रसाराचे त्यांचे गणित त्यात होतेच. ते नाकारण्याचे कारण नाही. पण टीका स्वीकारणे म्हणजे काय याचा दाखला ते गणित लक्षात घेऊनही उरतो.

मग पेटीच्या बैठकीवर नेमके काय बोलावे? रागाच्या निवडीपासून सुरुवात करता येते. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर येत नाही हे वादकाला ठाऊक असते. तरी त्याने दरबारी घेतला असेल तर त्या गंधाराचे त्याने काय केले, कणस्वराने आभास दिला की सपाट पट्टी दाबून पुढे गेला, हे सांगावे. भात्याच्या हाताविषयी बोलावे, कारण स्वराचा लहानमोठेपणा तिथून येतो. निष्णात वादक एक पट्टी पूर्ण सुटायच्या आत दुसरी धरतो आणि मींड नसताना स्वर जोडल्याचा भास निर्माण करतो. तो जोड विलंबितात टिकला का आणि द्रुतात निव्वळ वेगाखाली गाडला गेला का, हे ऐकणाऱ्याने पकडावे. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर जे लेखन केले त्याचे महत्त्व असे की लिहिणारा स्वतः गाणारा आणि चाली बांधणारा होता. अशा माणसाची टीका झोंबते, पण दुसऱ्या दिवशी रियाजाला बसताना तिचा उपयोग होतो.

पेटीवादकांनी टीका कशी घेतली याचा इतिहासही याच प्रदेशात आहे. मनोहर चिमोटे यांनी वाद्यातच बदल केला, त्याला स्वरमंडळाची जोड दिली आणि 'संवादिनी' हे नाव आग्रहाने चालवून ते एकल वादनाला उभे केले. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी पेटी बहुतांशी होती तशी ठेवली आणि हात घडवला. 'यात श्रुती नाहीत' या आक्षेपाला दोन्ही वाटांनी उत्तरे मिळाली, आणि ती ऐकल्याशिवाय कळणारी नाहीत. ज्या वर्षांत हे काम चालले होते त्यांतली बरीच वर्षे रेडिओवर ते ऐकूच येत नव्हते. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात, जिथे मैफल पोचत नव्हती पण रेडिओ पोचला होता, तिथल्या श्रोत्याने पेटीविषयी मत बनवायचे ते भजनी मंडळाच्या पेटीवरून.

केसकरांच्या काळात रेडिओवर कलावंतांच्या ध्वनिचाचण्यांची पद्धत कडक झाली. परीक्षकांमध्ये श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे थोर विद्वान होते, तरीही अनेक प्रस्थापित कलावंतांनी कडाडून विरोध केला. त्यांचा सगळा राग अहंकारापोटी होता असे मानण्याची सोय नाही. श्रेणी कळते, पण ती का मिळाली हे श्रेणीचे अक्षर सांगत नाही. पेटीवादकाला तर तेवढेही नव्हते. त्याला नापास व्हायलासुद्धा त्या खोलीत प्रवेश नव्हता.

१९७० साली आकाशवाणीने या प्रश्नावर परिसंवाद भरवला आणि पुढच्या वर्षी, एकतीस वर्षांनी, बंदी सैल झाली. पेटी परतली ती वरच्या श्रेणीच्या गायकांच्या साथीला. एकल वादनाला तेव्हाही दार उघडले नाही. तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली; तोवर ती चौकट येऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती.