एक्सप्लेनर : मोबाइलवरच्या चालीत घोडदळ धावते, पावसाळा मात्र येतच नाही

नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ १७४२ मध्ये बंगालपर्यंत गेले, हे शाळेत एका ओळीत संपते. ते तिथवर कसे पोहोचले, याचे थोडेफार उत्तर आज मोबाइलवरच्या टर्न-बेस्ड खेळांत सापडते. थोडेफारच!

टर्न-बेस्ड म्हणजे बुद्धिबळासारखे : आधी तुमची चाल, मग समोरच्याची. मराठीत चाल पटावरही होते आणि शत्रूवरही, हे सोयीचेच. १९९१ पासून चालत आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत नकाशा चौकटींचा असतो; पाचव्या भागापासून त्या षट्कोनी झाल्या. सहाव्या भागात सुरुवातीच्या पायदळाला एका टर्नमध्ये २ गुण मिळतात, घोडेस्वाराला ४. सपाट जमिनीला १ गुण खर्च होतो, जंगल किंवा टेकडीला २. नदी ओलांडायला जादा गुण. शत्रूच्या शेजारच्या चौकटीत शिरले की पायदळाला थांबावे लागते. हलके घोडदळ थांबत नाही.

हे गणित भास्करराम कोल्हटकरांच्या स्वारीला लावून पाहा. नागपूर ते काटवा हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत छोटा नागपूरचे डोंगर-जंगल. तोफा आणि बाजारबुणगे घेऊन निघालेली फौज तिथेच गुण संपवून बसली असती. म्हणून हलके घोडदळ. पाठ्यपुस्तकातली सनावळी जे सांगत नाही, ते खेळ दहा मिनिटांत शिकवतो : लढाई होण्याआधी अंतर जिंकावे लागते.

एक टर्न किती मोठी?

खरी गोम इथे आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये सुरुवातीची एक टर्न ४० वर्षांची असते. ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (कॉम्प्युटरवर २००९, मोबाइलवर २०२४) मराठा सत्ता घेऊन खेळता येते. तिथे लढाई प्रत्यक्ष वेळेत होते, पण नकाशावरची चाल टर्नने, आणि एक टर्न सहा महिन्यांची. म्हणजे आषाढ ते आश्विन त्या टर्नच्या पोटात गडप.

मराठ्यांच्या मोहिमेचे कॅलेंडर तर दसऱ्यापासून सुरू व्हायचे. सीमोल्लंघन हा नुसता सोने वाटायचा सण नव्हता. नद्या उतरल्या, वाटा सुकल्या, आता निघा, असा त्याचा हिशेब होता. १७४२ चा पावसाळा भास्कररामांनी काटव्याला काढला. सप्टेंबरअखेर दुर्गापूजा सुरू असताना अलीवर्दी खानाने रात्री नदी ओलांडून छावणीवर अचानक हल्ला केला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. संपूर्ण मोहीम फिरवणारी ही गोष्ट सहा महिन्यांच्या टर्नमध्ये दिसणारच नाही.

चौथाईचेही तसेच. १७५१ च्या तहात ओडिशा प्रत्यक्षात रघुजी भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई वर्षाला १२ लाख रुपये ठरली. प्रदेश दुसऱ्याचा, वसुली आपली. या नकाशांत त्याला वेगळा रंग नाही.

लूट नावाचे बटण

‘सिव्हिलायझेशन’मध्ये शत्रूच्या शेतावर घोडदळ उभे करून ‘पिलेज’ दाबले की लाभ होतो. हलक्या घोडदळाला एक बढती अशी मिळते की हे काम एकाच गुणात उरकते. नागपूरच्या खेळाडूला इथे भारी वाटेल, पण बंगालमध्ये ‘बर्गी’ (आपला बारगीर) हा शब्द आजही लुटारूंच्या भीतीशी जोडलेला आहे. खेळात शेत दुरुस्त होईपर्यंत पीक देत नाही, एवढेच. शेतकरी कुठे पळाला, हे दिसत नाही.

नागपुरातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या इंजिनीअरांपैकी कुणी असा खेळ करायला घेतलाच, तर टर्न एक महिन्याची ठेवावी. ज्येष्ठ संपला की घोडदळाचे गुण निम्मे, दसऱ्याला पुन्हा पूर्ण. आणि लुटीनंतर नुसते सोने नको, त्या गावात पुढच्या हंगामात किती नांगर चालले, तो आकडाही पडद्यावर हवा.