घरटे नव्हे, पिल्लू

नवी मुंबईत पक्ष्यांची वीण साधारण मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत चालते. मोकळ्या भूखंडांवरच्या खडीत टिटवी अंडी घालते. उरणच्या पाणथळींत आणि मिठागरांत शेकाट्या, तर सोसायट्यांच्या झुडपांत शिंपी आणि बुलबुल संसार मांडतात. पाऊस लागला की कर्नाळ्याच्या परिसरात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो. कॅमेरेही याच दिवसांत बाहेर पडतात आणि त्यांच्याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. लेन्स लांब पल्ल्याची असेल आणि पक्ष्याला हात लावला नसेल, तर घरट्याचे छायाचित्र घेण्यात गैर काही नाही, हे एक मत. विणीच्या काळात पक्ष्यांकडे कोणी फिरकूच नये, हे दुसरे. दोन्ही मते तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पहिल्या मताचा मुख्य आधार असा की, पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही. वस्तुतः अंडी उबवणारा पक्षी अनेकदा धोका दिसत असूनही शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडत नाही. त्याचे बसून राहणे हा निर्धास्तपणा नव्हे. तिबोटी खंड्याचे उदाहरण घ्यावे. चोचीत सापसुरळीचे पिल्लू किंवा कोळी धरून तो बिळासमोरच्या काटकीवर येतो. समोर माणसे दिसली की मान वरखाली करत तिथेच थांबतो, बिळात शिरत नाही. छायाचित्रकाराला हा क्षण फार आवडतो, कारण पक्षी स्थिर असतो आणि भक्ष्य स्पष्ट दिसते. पण तेवढा वेळ बिळातली पिल्ले उपाशी असतात. जे चित्र उत्तम म्हणून मिरवले जाते, ते अनेकदा अडवलेल्या घासाचे चित्र असते.

टिटवीचे नुकसान याहून उघड आहे. तिची अंडी, बहुधा चार, उघड्या खडीवर असतात. मे महिन्याच्या दुपारी ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जवळच्या डबक्यात पोटाची पिसे भिजवून परत येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. माणूस जवळ उभा राहिला की नर-मादी दोघेही डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. त्या उन्हात अंड्यातला जीव मरायला फार वेळ लागत नाही.

दुसरा युक्तिवाद फांद्यांचा: चित्र स्वच्छ यावे म्हणून दोन पाने बाजूला केली तर काय बिघडते? तीच दोन पाने घरट्याची सावली आणि आडोसा असतात. शहरात कावळ्यांची कमी नाही, भारद्वाजही घरट्यांतली अंडी-पिल्ले खातो. आडोसा गेला की दोघांचेही काम सोपे होते.

तिसरा युक्तिवाद मोठ्या नावाचा आधार घेतो. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला, मग इतरांनी घरट्याजवळ का जाऊ नये? पण ते एक निरीक्षक होते, मोसमभर त्याच वसाहतीकडे लक्ष ठेवून होते आणि त्यांच्यापुढे निश्चित प्रश्न होते. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी अर्धवट घरटे पारखून पसंत करते आणि एका नराच्या अनेक माद्या असतात, हे त्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. ठिकाण कळताच एकाच घरट्यापुढे लागणाऱ्या रांगेतून, एकासारखी एक चित्रे घेऊन, असे कोणते नवे ज्ञान मिळते? चित्रांमुळे पक्षिप्रेम वाढते, हे खरे. ते वाढवण्यासाठी घरटेच लागते, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. अनेक छायाचित्रस्पर्धा घरट्यावरची चित्रे स्वीकारत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे.

म्हणून विणीच्या काळात निरीक्षणच बंद करावे का? तेही योग्य नाही. ज्या जागेवर कोणाची नजर नसते, ती मोकळी जागा म्हणजे निरुपयोगी जागा ठरते आणि भराव घालणाऱ्यांच्या हाती पडते. सीवूड्सच्या पाणथळीवरची गोल्फ मैदानाची आणि इमारतींची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रोखली. अशा लढ्यांत ती जागा जिवंत असल्याचे दाखवायला पक्ष्यांच्या नोंदी लागतात. निरीक्षक मागे हटले तर पक्ष्यांची बाजू मांडायला कोणी उरत नाही.

मग पाहावे काय? घरटे सोडून बाहेर पडलेले पिल्लू. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात. आईबापांची धोक्याची हाक आली की खडीला चिकटून निश्चल होतात, आणि ठिपक्याठिपक्यांची पाठ दगडांत मिसळून जाते. तेव्हा पायाखाली पाहून, आलेल्या वाटेनेच मागे फिरावे. पुरेसे अंतर ठेवून बसले तर तीच पिल्ले पुन्हा उठून टिपायला लागताना दिसतात. बुलबुलाचे आखूड शेपटीचे पिल्लू झुडपात बसून खाऊ मागते. सीवूड्सला रोहितांची करडी-तपकिरी पिल्ले प्रौढांबरोबर चरतात. रोहितांची वीण कच्छच्या रणात होते, नवी मुंबईत त्यांचे घरटेच नसते. बांधावर शांत उभे राहून त्यांची हवी तितकी चित्रे घेता येतात. चोचीत खाऊ नेणारा पक्षी किंवा नुकते उडू लागलेले पिल्लू दिसले, एवढी नोंदही ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर विणीचा पुरावा म्हणून धरली जाते. त्यासाठी घरटे शोधावे लागत नाही.

जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू आहे तिथेच राहू द्यावे. रस्त्यावर असेल तर जवळच्या झुडपात ठेवावे, आईबाप त्याला भरवतात. पिसे न आलेले पिल्लू घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकतात, ही समजूत निराधार आहे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

अचानक घरटे दिसलेच तर थांबू नये, ठिकाण कोणाला सांगू नये, फ्लॅश आणि ध्वनिमुद्रित हाक कधीच वापरू नये. चोचीत घास घेतलेला पक्षी समोर खोळंबला असेल तर छायाचित्रकाराने ताबडतोब निघून जावे. त्या घासावर पहिला हक्क पिल्लाचा आहे, छायाचित्राचा नाही.