तसबिरीत होते काय?

‘फाल्गुनराव हा मुळातच संशयी.’ ‘संशयकल्लोळ’ नाटकावरचा लेख आला की हे वाक्य पहिल्या परिच्छेदात ठरलेले. कशावरून, ते विचारायचे नाही!

गोविंद बल्लाळ देवलांनी पुरावा तर समोरच मांडून ठेवला आहे. रेवती घेरी येऊन पडते, अश्विनशेठची तसबीर तिच्याजवळून निसटते. फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. कृत्तिका तसबीर न्याहाळते, ते फाल्गुनराव पाहतो. घडले एवढेच. नवऱ्याचे लफडे आणि बायकोचा यार, ही भर त्या दोघांच्या पदरची. आपण हसतो, कारण खरे काय ते देवलांनी आपल्याला आधीच दाखवलेले असते.

याच देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला होता. तिथे तसबिरीऐवजी रुमाल. शेक्सपिअरचा इयागो तो बायकोकडून मिळवतो आणि कॅसिओच्या खोलीत टाकणार असल्याचे आपल्याला चक्क स्वगतात सांगतो. ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डिमोनाला निर्दोष ठरवायला तिच्या भाबडेपणावर चार पाने खर्चण्याची गरज नाही; ते स्वगत दाखवले की आरोप खोटा ठरला.

या अंकाच्या लेखकांना आम्ही एकच त्रास दिला : पात्रावर ठपका ठेवाल तिथे प्रवेश आणि संवाद दाखवा. दोघे वैतागले. (संपादकाला ते पगारातच धरलेले असते.) तिसऱ्याने फाल्गुनरावावरचा लेख परत मागवला आणि पंधरा दिवसांनी कृत्तिकेवर लिहून पाठवला.