गाठीवर घाव नको

कुवेतमध्ये आपल्या कामगाराच्या मनगटावर गाठ आली की पहिला डॉक्टर खोलीतलाच कुणीतरी असतो. मी इथल्या मंगफ भागात नर्स आहे. हळद-चुन्याच्या लेपाने पोळलेली कातडी, नाणं ठेवून करकचून बांधल्याने सुजलेली बोटं मी पाहते. एका गवंडीदादाच्या गाठीवर तर मित्राने जाडजूड डायरी हाणली होती. (आपणच अडाणी असं नाही, युरोपात यासाठी बायबल वापरत.)

या घरगुती उपचारांमागे पैशाचा हिशेब आहे. डिसेंबर 2022 मध्ये इथल्या सरकारी दवाखान्यांत परदेशी रुग्णाला औषधांसाठी 5 दिनार आकार लागू झाला, इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात 10. तपासणीची फी निराळी. दर महिन्याला घरी पैसे धाडणारा माणूस मग एरंडेल चोळतो.

चोळा बापडे. पण ही गाठ म्हणजे सांध्याच्या किंवा स्नायूच्या दोरीच्या आवरणातून आलेला, चिकट द्रवाने भरलेला फुगा. तेल तिथवर पोचत नाही. हा कर्करोग नव्हे. कितीतरी गाठी आपोआप जिरतात आणि श्रेय एरंडेल खातं! सुईने द्रव काढला तरी ती अनेकदा पुन्हा भरते.

माझ्या मते खरा घरगुती उपाय एकच: मनगटाला आराम, फार तर पट्टा. मुकादमांनो, तेवढे दिवस घमेली उचलायला लावू नका. आणि भावांनो, बोटांना मुंग्या आल्या, पकड सुटू लागली किंवा गाठ झपाट्याने वाढली, तर दिनार मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.