झेंडा आणि झडती

सांगवीहून मुळेचा पूल ओलांडून औंधमार्गे पुण्यास जाणारे आपल्यापैकी सहस्रावधी लोक ज्या गणेशखिंडीच्या रस्त्याने नित्य ये-जा करतात, त्याच रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून गव्हर्नरांच्या प्रासादातून परतणाऱ्या रँड या प्लेग-अंमलदारावर चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. पुढे १८९८ व १८९९ या दोन वर्षांत दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे बंधू आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे फासावर गेले.

त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतील. पण ज्या वेदनेतून तो मार्ग निघाला, तिचे विस्मरण होता कामा नये. प्लेगचा बंदोबस्त करणे हे सरकारचे कर्तव्यच होते. लोकांच्या काळजात सलले ते हे, की गोरे सोजीर उंबरा ओलांडून थेट माजघरात, देवघरात शिरत, झडती घेत, आणि घरधन्याच्या शब्दास कवडीचीही किंमत नसे. रयत म्हणजे संशयित, हे त्या अंमलाचे गृहीतकृत्य होते. ते मोडणे, हाच माझ्या मते स्वातंत्र्याचा पहिला अर्थ.

गतवर्षी १५ ऑगस्टच्या सकाळी आमच्या गृहसंकुलाच्या रखवालदाराने इस्त्रीचा गणवेश घालून ध्वजाच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरल्या. ध्वज फडकला, पाकळ्या उधळल्या, जिलेबी वाटली गेली. तासाभराने, धुणीभांडी आटोपून निघालेल्या एका बाईंना त्याच रखवालदाराने फाटकाशी थांबवले. बाईंनी सवयीने पिशवी उघडली: आत रिकामा डबा, छत्री आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या दोन जिलब्या. त्याच वेळी माझी मोटार बिनचौकशी बाहेर पडली. त्या रखवालदाराकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. कारण हा नियम आम्ही सभासदांनीच ठराव करून मंजूर केलेला, आणि त्या ठरावासाठी माझाही हात वर झालेला.

त्या झडतीची आणि या झडतीची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एकाचा शब्द पुरेसा आणि दुसऱ्याची पिशवी पाहिल्यावाचून विश्वास नाही, हा भेद दोन्हींकडे एकच आहे. चोरीचे भय खरे असेल, तर सर्वांच्याच पिशव्या व मोटारी तपासाव्यात. आपल्या संविधानाने व्यक्तीच्या प्रतिष्ठेची जी हमी दिली, ती मोटारवाल्यांपुरती दिलेली नाही.

राणीच्या उत्सवासाठी उजळलेला तो गणेशखिंडीचा प्रासाद आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्या बाईंची मुलगी उद्या तेथे हक्काने प्रवेश करील. तिच्या आईला मात्र आमच्या फाटकातून बाहेर पडताना रोज निर्दोषत्व सिद्ध करावे लागते. येत्या १५ ऑगस्टपूर्वी तो ठराव रद्द व्हावा, असा अर्ज मी सभेपुढे ठेवला आहे. सांगवीतील प्रत्येक संकुलाने आपापले ठरावांचे दप्तर एकदा उघडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.