बिनबुडाची झारी

दिवाळीच्या आवराआवरीत यंदा आमच्या माळ्यावरून मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा चषक खाली आला. एक कान तुटलेला, चकाकी गेलेली. लेक म्हणाली, "बाबा, टाकून द्या. ऑनलाइन नवा मिळतो." मला एकदम काउज आठवलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही हाउन्सलोहून गाडीने साउदम्प्टनला आणि तिथून बोटीने आइल ऑफ वाइटवरच्या काउजला गेलो होतो. ऑगस्टमध्ये तिथे शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा आठवडा असतो. आपल्या गेटवेजवळचा यॉट क्लबही १८४६चा; पण घारापुरीची लाँच पकडताना त्याच्याकडे कोण बघतंय! काउजची पहिली शर्यत त्याहून जुनी, १० ऑगस्ट १८२६ची. नौका सात आणि बक्षीस शंभर पाउंड किमतीचा सोन्याचा चषक. पुढच्याच वर्षी राजे चौथे जॉर्ज यांनीही एक चषक दिला.

खरी गंमत १८५१ची. न्यूयॉर्कहून 'अमेरिका' नावाची नौका आली आणि २२ ऑगस्टला बेटाला वळसा घालायच्या शर्यतीत यजमानांच्या डझनाहून अधिक नौकांना मागे टाकून बक्षीस घेऊन गेली. बक्षीस म्हणजे लंडनच्या गॅरार्ड पेढीने घडवलेली चांदीची झारी. तिला बूडच नाही, घोटभर पाणीही राहायचं नाही! नौकेच्या मालकांनी १८५७मध्ये ती आपल्या क्लबला दिली, पण अट घालून: ही कायम देशोदेशींच्या मैत्रीच्या शर्यतींसाठी खुली राहील. म्हणून 'अमेरिकाज कप' हे नाव देशाचं नव्हे, त्या नौकेचं.

न्यूयॉर्ककरांनी ती १३२ वर्षं राखली. १९८३मध्ये ऑस्ट्रेलियाने जिंकली. १९९७मध्ये ऑकलंडला एकाने तिच्यावर हातोडा घातला, तेव्हा गॅरार्डनेच ती विनामूल्य दुरुस्त केली. नवी करा, असं कोणी म्हटलं नाही. आणि इंग्रजांना ती आजवर परत मिळालेली नाही. २०२४मध्ये बार्सिलोनाला अंतिम फेरी गाठली, तिथे न्यूझीलंडने हरवलं. तरी प्रयत्न सोडलेले नाहीत.

हे सगळं लेकीला सांगत होतो, आणि सांगता सांगता मीच गप्प झालो. आपला कॅरमचा चषक ज्या काकांनी पत्नीच्या स्मरणार्थ दिला, ते आता नाहीत. देताना ते म्हणाले होते, "हा कपाटात ठेवू नका, दर वर्षी हात बदलू दे." २०१९मध्ये तो मी जिंकला. मग करोना आला, स्पर्धा थांबली. पुढे कोणी विचारलं नाही आणि मीही आठवण केली नाही. खरं सांगायचं तर, शेवटच्या विजेत्याचं नाव माझं आहे, हे मला बरं वाटत होतं. स्पर्धा बंद पडली म्हणून कमिटीला नावं ठेवत होतो, पण झारीतला शुक्राचार्य मीच निघालो.

कान डाख देऊन जोडून घेतलाय. सांधा दिसतो, दिसू दे. दिवाळीच्या कार्यक्रमात चषक मंडळाकडे परत देतोय. बोर्ड आमच्याकडे आहे, पावडरही आणून ठेवलीय. जानेवारीत या, मुलांना घेऊन या आणि मला हरवा.